दुसऱ्या वाचनात टिकलेला अकिलीज (आणि न टिकलेले काही)

ग्रीक पुराणकथा नव्याने सांगणाऱ्या आणि दोन मुलग्यांच्या किंवा दोन मुलींच्या प्रेमाभोवती फिरणाऱ्या कादंबऱ्यांची चळत गेल्या पावसाळ्यापासून माझ्या उशाशी आहे. पहिल्या वाचनात यातलं जवळजवळ सगळंच आवडतं. पानं भराभर उलटतात, शेवटाला घसा दाटून येतो. म्हणून तेव्हा काही लिहिलं नाही. पुस्तक पुन्हा हातात घ्यावंसं वाटतं का, आणि घेतलं तर त्यात काही उरलेलं असतं का, ते बघून लिहितेय.

मॅडलिन मिलर यांची 'द साँग ऑफ अकिलीज' सगळ्यांना ठाऊक असते. कादंबरी २०११ ची, २०१२ मध्ये तिला ऑरेंज पारितोषिक मिळालं, पण खरी लाट आली ती बऱ्याच वर्षांनी, टिकटॉकवर. आपल्याकडे २०२० मध्ये टिकटॉक बंदच झालं, त्यामुळे इथे ती रील्समधून पोचली. खरं तर ही प्रौढांसाठी काढलेली कादंबरी. सतरा-अठराच्या वाचकांनी ती परस्पर आपली करून टाकली. फुटपाथवर मिळणारी स्वस्त प्रत मात्र घेऊ नका. माझ्या पहिल्या प्रतीची शाई इतकी फिकट होती की रात्री दिव्याखाली वाचणं अशक्य, आणि मधला एक फर्मा उलटा शिवलेला. ऑडिओबुक चांगलं आहे. पेलियस, डेइडामिया, निओप्टोलेमस ही नावं एकदा कानावरून गेली की वाचताना अडखळायला होत नाही.

गोष्ट पॅट्रोक्लस सांगतो. फाशांवरून झालेल्या झटापटीत त्याच्या हातून एका मुलाचा जीव गेला म्हणून देशोधडीला लागलेला हा राजपुत्र फ्थियाला येतो, तिथे राजा पेलियसचा मुलगा अकिलीज भेटतो. मग पेलियन डोंगरावर गुरू कायरॉनकडचे दिवस, मग ट्रॉय. शेवट काय होणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. ज्यांनी 'मृत्युंजय' वाचलंय त्यांना याचं नवल वाटणार नाही. कर्णाचं काय होणार हे ठाऊक असूनही आपण ते जाडजूड पुस्तक संपवतोच की.

माझी भाची अकरावीत आहे. तिने पुस्तक दोन रात्रींत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी चहाचा कप हातात घेऊन विचारलं, "मावशी, होमरमध्ये हे खरंच असं आहे का गं?" नुसतं हो किंवा नाही म्हणून भागणारं नव्हतं. शेवटी होमरच्या 'इलियड'चा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरच्या महाकाव्याचा, एमिली विल्सन यांनी केलेला २०२३ चा इंग्रजी अनुवाद आणला आणि दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली.

दोघे प्रेमी होते असं होमर कुठेही म्हणत नाही. नवव्या सर्गात तर दोघांच्या शेजारी रात्री युद्धात मिळालेल्या बायका आहेत. पण तेविसाव्या सर्गात पॅट्रोक्लसचं भूत येऊन अकिलीजला सांगतं की आपल्या दोघांच्या अस्थी एकाच कलशात ठेव. पुढच्या ग्रीकांनी यावर भरपूर वाद घातला. इस्खिलसने नाटकात त्यांना उघड प्रेमी केलं. प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात बोलणाऱ्या फीड्रसला त्यांच्या प्रेमाबद्दल शंकाच नाही. तो इस्खिलसवर चिडतो ते अकिलीजला प्रियकर आणि पॅट्रोक्लसला प्रियपात्र केलं म्हणून. तेव्हा 'हल्लीच्या लोकांनी घुसडलंय' म्हणणाऱ्यांना अडीच हजार वर्षं मागे जाऊन भांडावं लागेल.

खरी मजा पुढे आहे. कादंबरीतला पॅट्रोक्लस लढाईत कच्चा पण उत्तम वैद्य आहे. पहिल्यांदा मला ही सोय वाटली होती, नायकाला हळवं करण्यासाठी केलेली. मग 'इलियड'चा अकरावा सर्ग आला. युरिपिलसच्या मांडीत बाण रुतलाय. पॅट्रोक्लस घाईत असूनही थांबतो, त्याला बैलाच्या कातड्यावर निजवतो, सुरीने बाण कापून काढतो, कोमट पाण्याने जखम धुतो आणि कडू मुळी तळहातांवर चुरून तिच्यावर दाबतो. रक्त थांबतं. एवढ्याशा प्रसंगातून मिलर यांनी अख्खा माणूस उभा केलाय. युद्धात पकडून आणलेल्या ब्रिसीसशी त्याची मैत्रीही अशीच: एकोणिसाव्या सर्गात ती त्याच्या प्रेतावर पडून रडते, तू माझ्याशी कायम मायेने वागलास म्हणते. हे कळल्यावर कादंबरी पुन्हा वाचली आणि ती पहिल्यापेक्षा भरीव लागली. तक्रार एकच. सोळाव्या सर्गातला पॅट्रोक्लस झ्यूसच्या मुलाला, सार्पिडनला, लोळवणारा कसलेला लढवय्या आहे, आणि मिलर यांचा पॅट्रोक्लस तिथे पोचेपर्यंत थोडी ओढाताण होते.

बाकीच्यांना हा कस लावला तर निकाल संमिश्र. सारा डीमर यांची 'द डार्क वाइफ' (२०११) पाताळाचा देव हेडिस यालाच देवी करते आणि पर्सिफोनी स्वतःच्या पायांनी पाताळात जाते. डिमिटर देवीच्या मूळ ग्रीक स्तोत्रात झ्यूस पोरीला न विचारता आपल्या भावाला, हेडिसला, देऊन टाकतो, म्हणून ही उलथापालथ पहिल्यांदा झणझणीत लागते. पण झ्यूस इतका सरसकट खलनायक आहे की दुसऱ्या वाचनात शोधायला फारसं काही उरत नाही. सारा अंडरवुड यांच्या 'लाइज वी सिंग टू द सी' (२०२३) ची कल्पना मात्र जबरदस्त. होमरच्या 'ओडिसी'त नायकाचा मुलगा टेलेमॅकस १२ दासींना फासावर लटकवतो. इथे त्याची किंमत म्हणून इथाकात दरवर्षी १२ मुली फासावर जातात. लेटो आणि मेलँथो यांच्यातलं हळूहळू फुलणारं प्रेम छान, मधली शंभरेक पानं रेंगाळलेली. मी ती दुसऱ्यांदा चाळली, वाचली नाही.

मुलींच्या कथांना एक अडचण आहेच. मूळ साहित्यात आधार कमी. रोमन कवी ऑव्हिडच्या 'मेटामॉर्फोसिस'च्या नवव्या खंडात क्रीटमधली आयफिस आहे, बापाच्या धाकाने मुलगा म्हणून वाढवलेली, आयँथीवर जीव जडलेली. पण लग्नाच्या आदल्या दिवशी इसिस देवी तिला पुरुष करून प्रश्न मिटवते. आपल्याला इथे शिखंडी आठवणारच.

धाकट्या वाचकांसाठी रिक रायर्डन आणि मार्क ओशिरो यांची 'द सन अँड द स्टार' (२०२३). हेडिसचा मुलगा निको आणि अपोलोचा मुलगा विल एका टायटनला सोडवायला टार्टरसमध्ये, म्हणजे पाताळाच्या तळाशी, उतरतात. विनोद थोडा बालिश, पण निकोची गोष्ट २००७ पासून चालत आलीय आणि 'द हाउस ऑफ हेडिस'मध्ये क्युपिड त्याच्याकडून मनातलं जबरदस्तीने वदवून घेतो तो प्रसंग आधी वाचलेला असेल तर इथलं त्याचं मोकळं होणं भिडतं. म्हणून थेट हे पुस्तक हातात देऊ नका. बारा-तेराच्या मुलांना आधीची 'पर्सी जॅक्सन' मालिका द्या, अकिलीज दहावीनंतर. आणि अकिलीज दिलात तर 'इलियड'ही घरात आणून ठेवा, मागितलं जाईलच.