बिनबियांच्या कलिंगडाचे बियाणे : भाव जास्त का, आणि घ्यावे कोणी?

नाशिकच्या कृषी सेवा केंद्रांत बिनबियांच्या कलिंगडाचे बियाणे बहुधा आधी सांगून मागवावे लागते. ते वजनावर नाही, बिया मोजून मिळते आणि भाव साध्या संकरित वाणाच्या कित्येक पट पडतो. पाकिटावर ‘त्रिगुणित’ किंवा ‘ट्रिप्लॉइड’ लिहिलेले नसेल तर घेऊ नका. या बियाण्याचा भाव, उगवणीतली कटकट आणि फळाचा दर्जा, सगळे त्या एका शब्दात आहे.

साध्या कलिंगडाच्या पेशीत २२ गुणसूत्रे, म्हणजे ११-११चे दोन संच असतात. कोवळ्या रोपाच्या शेंड्याला कोल्चिसीन हे रसायन लावले की गुणसूत्रे दुप्पट होतात, पण पेशी विभागत नाही. त्यातून ४४ गुणसूत्रांचे झाड मिळते. हे झाड मादी आणि २२वाले नर धरून संकर केला की ३३ गुणसूत्रांचे, म्हणजे तीन संचांचे त्रिगुणित बी तयार होते. तीन संचांची सारखी वाटणी होत नाही, म्हणून त्याचे पराग आणि बीजांडे निकामी होतात आणि फळात बी भरत नाही. जपानचे हितोशी किहारा यांनी १९५१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. ४४वाल्या मादीच्या फळात मुळातच बिया कमी धरतात. भाव चढा असण्याचे मोठे कारण हेच.

कोल्चिसीन विषारी आहे, मग फळात उतरते का, असे गिऱ्हाईक हमखास विचारते. उतरत नाही. ते लावलेले असते ४४वाल्या वाणाच्या पहिल्या झाडाला. शेतात येणारे बी त्यानंतर कित्येक पिढ्यांनी तयार होते.

निसर्गात गुणसूत्रे दुप्पट होण्याचा हा प्रकार कोल्चिसीनशिवायच घडत आला आहे. दुप्पट झालेले झाड आपल्याच मूळ जातीशी संकरले तर संतती बहुतेक वांझ निघते; त्यामुळे एखाद-दुसऱ्या पिढीत नवी जात वेगळी पडू शकते. जनुकांची एक प्रत जुने काम सांभाळते, दुसरी बदलायला मोकळी राहते. भुईमूग चार संचांचा, पोळीचा गहू सहा संचांचा. द्राक्षाचा जनुकसंच २००७ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्याच्या फार प्राचीन पूर्वजात संच तिप्पट झाल्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. आपली बिनबियांची थॉमसन द्राक्षे मात्र आज दोन संचांचीच आहेत. तिथे बी धरते आणि कोवळेपणीच वाढ थांबते. दोन्ही पिकांचे कारण एक समजू नये.

आता उगवण, कारण पैसे इथेच बुडतात. त्रिगुणित बीचे कवच जाड असते आणि आतला गर्भ लहान, त्यामुळे मध्ये पोकळी राहते. जास्त पाण्याने ती भरली की बी कुजते. म्हणून नेहमीसारखे रात्रभर भिजत घालू नका. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आधी ओले करून जादा पाणी निथळू द्या, मग ट्रेमध्ये एका कपात एक बी साधारण १ सेंमी खोल लावा, टोकदार बाजू वर ठेवून. असे लावले की कवच बीजपत्रांना चिकटून राहण्याचे प्रमाण कमी होते. ट्रे एकावर एक रचून झाका आणि २९ ते ३२ अंशांवर ४८ तास ठेवा. कोंब दिसू लागताच पसरा; पुढे २१ ते २४ अंश पुरतात. कोंब दिसेपर्यंत वरून पाणी नको. कवचाची टोपी अडकलीच तर सकाळी ती ओलसर असताना अलगद काढा. निफाड भागात जानेवारीत पारा एक आकडी होतो. उबदार खोली नसेल तर हे बियाणे तेव्हा लावूच नये. थेट शेतात टोकणे तर नाहीच.

दुसरी अट परागदात्याची. बी धरत नसले तरी फळ धरायला जिवंत परागांचा स्पर्श लागतो आणि ते पराग साध्या वाणाकडूनच येतात. तीन त्रिगुणित रोपांमागे एक साधे रोप ठेवा. ६ फुटांवर बेड आणि २ फुटांवर रोप धरले तर एकरी ३,६३० रोपे बसतात. त्यांत सुमारे २,७२० त्रिगुणित आणि ९१० परागदाते. उगवण ८० टक्के धरली तर ३,४०० बिया लागतील. परागदात्याची साल वेगळ्या रंगाची किंवा पट्ट्यांची असावी, नाहीतर तोडणीत माल मिसळतो. दोन्हींचा फुलोरा एकाच वेळी यायला हवा. कलिंगडाचे मादी फूल एकच दिवस उपयोगाचे असते, तेही सकाळीच. मधमाश्यांच्या पेट्या ठेवा आणि फुलोऱ्यात सकाळी फवारणी टाळा. परागीभवन अपुरे राहिले की गाभा पोकळ निघतो, आणि हा दोष या वाणांत आधीच जास्त असतो.

फळाचा गर घट्ट असतो आणि कापल्यावर जास्त टिकतो. आत दिसणारी न भरलेल्या बियांची पांढरी मऊ कवचे खाण्याजोगी असतात. झाडाला ताण बसला तर काही काळी, कडक होतात आणि व्यापारी तेवढ्यावर भाव पाडतो.

ट्रेची रोपवाटिका, ऊब आणि माल आधी ठरवून घेणारा व्यापारी असेल तर हे बियाणे पैसे वसूल करून देते. नसेल तर साधा संकरित वाण बरा. बऱ्याच पाकिटांवर परागदाता कोणता लावायचा हे छापलेले नसते, आणि या मालातली ही सगळ्यात मोठी उणीव आहे. विक्रेत्याकडून त्या वाणाचे नाव आणि त्याच्या फुलोऱ्याचे दिवस बिलावर लिहून घ्या. उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीखही पाकिटावर पाहूनच पैसे द्या.