खांद्यासाठी एमआरआय की सोनोग्राफी?

एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, पण हात वर नेताना कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही, अशा वेळी डॉक्टरांना रोटेटर कफ (खांद्याभोवतीचे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांचा पट्टा) फाटल्याची शंका येते आणि पुढची तपासणी कोणती, हे ठरवायचे असते. उजव्या खांद्यासाठी मी दोन्ही करून घेतल्या आहेत.

एमआरआयचा आवाका मोठा आहे, हे आधीच मान्य करतो. खांदा वारंवार निखळत असेल, तर खोबणीच्या कडेचे लॅब्रम (कूर्चेचे कडे) फाटले आहे का, हे सोनोग्राफीत नीट कळत नाही. तिथे एमआरआयच हवा, तोही अनेकदा सांध्यात कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट करणारे द्रव्य) सोडून. शस्त्रक्रियेपूर्वी फाटलेली कंडरा किती मागे सरकली आहे आणि स्नायूत किती चरबी भरली आहे, हे पाहायलाही सर्जन बहुधा तोच मागतात.

माझे अडले ते उताणे पडून राहण्यापाशी. जो खांदा रात्री पाच मिनिटे टेकवत नव्हता, तो कॉइलमध्ये (खांद्याभोवती बसवायच्या एमआरआयच्या साच्यात) घट्ट बांधून अर्धा तास निश्चल ठेवायचा होता. मध्येच कळ असह्य झाली, हात नकळत हलला, चित्रे धूसर आली आणि तो भाग पुन्हा घ्यावा लागला. एवढे सोसून रिपोर्टात ‘अंशतः फाटल्याची शक्यता’ इतकेच लिहून आले.

सोनोग्राफीला मी साध्या स्टुलावर बसलो होतो. डॉक्टरबाईंनी तळहात मागच्या खिशावर ठेवायला सांगितला, कारण तसे केल्याने सुप्रास्पिनेटसची (रोटेटर कफच्या वरच्या स्नायूची) कंडरा वरच्या हाडाखालून पुढे येते. नेमके कुठे दुखते ते विचारून त्यांनी प्रोब तिथेच टेकवला, मग हात बाजूने सावकाश वर उचलायला लावला. जिथे कळ आली, त्याच क्षणी कंडरा हाडाखाली अडखळताना मला पडद्यावर दिसली. पडून घेतलेल्या स्थिर चित्रांत हे कसे दिसणार?

सोनोग्राफीची सारी भिस्त करणाऱ्याच्या हातावर असते, हे मात्र खरे. रोज पोटाची सोनोग्राफी करणाऱ्यांचा हात खांद्यावर तितकाच बसलेला असेल असे नाही, म्हणून सांध्यांची सोनोग्राफी नेहमी होते का, हे आधी विचारावे. तसा जाणकार मिळत असेल, तर पूर्ण फाटलेली कंडरा ओळखण्यात दोन्ही तपासण्या जवळपास सारख्या ठरतात. त्यामुळे चाळिशी उलटलेल्या आणि खांदा न निखळलेल्या माणसाने, निदान माझ्या मते, आधी सोनोग्राफी चालेल का, असे आपल्या डॉक्टरांना विचारून पाहावे.

एमआरआय टळणार नसेल, तर दुखऱ्या कोपराखाली उशी मागून घ्यावी. मला ती पुन्हा चित्रे घेताना मिळाली आणि तेव्हाच हात स्थिर राहिला.