हेमकुंडच्या पावसात वॉटरप्रूफ बूट कितपत कामाचे?

जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातली फुलांची दरी आणि हेमकुंड करायचं म्हटलं की दुकानात गोअर-टेक्ससारखं अस्तर असलेला, घोटा झाकणारा बूट पुढे केला जातो. जरूर घ्या. मात्र पाय दिवसभर कोरडे राहतील ही आशा नको. तो घ्यायचा ऊब टिकवण्यासाठी.

अस्तराच्या छिद्रांतून थेंब आत येत नाही, घामाची वाफ बाहेर जाते. पण वरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजला की कापड पाणी पितं, वाफ कोंडते आणि मोजे घामानेच भिजतात. शिवाय पँटवरून ओघळलेलं पाणी वरून थेट बुटात उतरतं, आणि मग तेच अस्तर ते बाहेर जाऊ देत नाही. म्हणून गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि पोटरी झाकणारी आवरणं, हवीतच. रेनपँट त्यांच्यावरून बाहेर सोडायची, आत खोचायची नाही.

मुक्कामाचं गाव घांघरिया ३,००० मीटरच्या वर आहे, तिथे बूट एका रात्रीत वाळत नाहीत. इनसोल काढा, नाड्या पार सैल करा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि ओले झाले की बदला. शेगडीजवळ ठेवलेत तर सोलचं चिकटवण सुटतं.

मोजे लोकरीचे, तीन जोड. एक जोड फक्त झोपताना; सकाळी ओले मोजे चढवणं कितीही जिवावर आलं तरी तिला हात लावायचा नाही, कारण रात्रभर कोरडी राहिलेली त्वचाच दुसऱ्या दिवशी तग धरते. फोड येणाऱ्या जागी टेप कोरड्या पायावर, निघण्याआधी. व्हॅसलीन बोटांच्या बेचक्यांत. टेपखाली लावलं तर टेप निघते. पाऊल पांढरं, सुरकुतलेलं आणि बधिर वाटलं तर थांबा, पुसा, मोजे बदला. चोळू नका, आगीवर शेकू नका. बर्फ नसतानाही तासन्‌तास गार ओलीत राहिलेल्या पावलाला इजा होते.

माप संध्याकाळी, जाड मोजे घालून. हेमकुंडहून घांघरियापर्यंत साधारण ६ किलोमीटरांत १,२०० मीटरांहून जास्त उतार आहे. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा नसेल तर नखं काळी पडतात. उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळा.

कपाटात काही वर्षं पडून असलेला जोडा नेण्याआधी सोल वाकवून पाहा. दमट हवेत सोलमधलं पॉलियुरेथेन (फोमसारखं प्लास्टिक) आतून कुजतं आणि नवाकोरा दिसणारा सोल वाटेत निखळतो.

सह्याद्रीच्या पावसासाठी मात्र हे बूट घेऊ नका. तिथे थंडी बेताची आणि ओढे गुडघाभर. पाणी झटकन निथळणारा हलका, पकडीचा बूटच बरा.