भाड्याचे कलादालन की छोटे स्वतंत्र दालन: कोल्हापुरातील चित्रकाराने काय निवडावे?

एकल प्रदर्शन भरवायचे ठरले की कोल्हापुरातील चित्रकारापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे एखादे मध्यवर्ती कलादालन ठरावीक दिवसांसाठी भाड्याने घेऊन सगळी जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेणे. दुसरी म्हणजे मोजक्या चित्रकारांचेच काम दाखवणाऱ्या एखाद्या लहान, खासगी दालनाकडे आपली चित्रे घेऊन जाणे आणि निवड झाली तर त्यांच्या पद्धतीने प्रदर्शन होऊ देणे. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. भाड्याचे दालन शेजारच्या जिल्ह्यातले होते आणि छोटे दालन इथलेच, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरचे. दोन्हींची नावे देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते एखाद्या जागेपेक्षा त्या त्या पद्धतीविषयी आहे.

या दोन पद्धती एकमेकींच्या विरोधात उभ्या आहेत असे मात्र समजू नये. मुंबईच्या जहांगीर कला दालनाची इमारत 1952 साली उभी राहिली आणि तिथे चित्रकार आठवड्याच्या हिशेबाने दालन घेऊन स्वतःचे प्रदर्शन मांडत आले. त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी यांनी 1963 साली गॅलरी केमोल्ड सुरू केली. ती 2007 मध्ये दुसरीकडे हलेपर्यंत त्या लहानशा जागेत निवडलेल्या चित्रकारांचीच प्रदर्शने होत राहिली. म्हणजे एका छपराखाली, एका जिन्याच्या अंतरावर, दोन्ही रिवाज चार दशकांहून अधिक काळ नांदले. केकू गांधींचा मूळ व्यवसाय चित्रांच्या चौकटी बनवण्याचा होता, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. का ते पुढे येईलच.

भाड्याच्या दालनाची बाजू आधी मांडतो, कारण ती कमकुवत नाही. तिथे तुमच्या कामाला कोणी नकार देत नाही. कोणती चित्रे लावायची, किंमत काय ठेवायची, उद्घाटनाला कोणाला बोलवायचे हे सगळे तुमच्या हातात असते आणि विक्रीचा पैसा पूर्णपणे तुमचा असतो. कोल्हापुरात तर या पद्धतीला प्रेक्षकांचीही मोठी साथ आहे. दसरा चौकात शाहू स्मारक भवनाकडे व्याख्यानाला किंवा कार्यक्रमाला आलेला माणूस प्रदर्शन लागलेले दिसले तर सहज आत डोकावतो. कलानिकेतनचे आणि दळवीज आर्ट इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी घोळक्याने येतात, चित्राला नाक लावून उभे राहतात आणि कागद कोणता, पातळ रंगाचा वॉश तो ओला असताना मारला की सुकल्यावर, असे नेमके प्रश्न विचारतात. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात निसर्गचित्र पाहण्याची सवय घराघरांत मुरलेली आहे आणि निवृत्त शिक्षकही पंचगंगेच्या घाटाच्या चित्रासमोर उभे राहून पाण्यातली सावली बरोबर पडली आहे की नाही यावर बोलू शकतात. असा प्रेक्षक आपोआप मिळणे ही साधी गोष्ट नाही. छोट्या दालनाला तो वर्षानुवर्षे खपून मिळवावा लागतो.

पैशाचे गणित लोकांना वाटते तितके एकतर्फी नाही. खासगी दालने विक्रीवर साधारणपणे 30 ते 50 टक्के कमिशन घेतात. वीस हजारांचे चित्र 40 टक्के कमिशनने गेले तर चित्रकाराच्या हाती बारा हजार येतात आणि हा आकडा ऐकून अनेकजण तिथेच मागे फिरतात. पण भाड्याच्या दालनात भाडे, अनामत रक्कम, निमंत्रणपत्रिका, टेम्पो, उद्घाटनाचा खर्च आणि आठवडाभर स्वतः तिथे बसून राहण्याचे दिवस हे सगळे चित्र विकले जावो वा न जावो आधीच खर्ची पडलेले असते. माझ्या बाबतीत दोन्हीकडचा अखेरचा हिशेब फारसा वेगळा निघाला नाही. इतरांचा निघू शकेल. ज्यांचे ओळखीचे वर्तुळ मोठे आहे आणि ज्यांची चित्रे पहिल्या दोन दिवसांत नातेवाईक, डॉक्टर आणि बांधकाम व्यावसायिक घेऊन जातात, त्यांना कमिशन देण्याचे काही कारण दिसत नाही.

माझा निर्णय पैशावर झाला नाही. तो झाला काचेवर.

माझे बरेचसे काम कोळशाचे आणि काळ्या शाईचे आहे. शिवाजी उद्यमनगरातील ओतकामाच्या शेडमध्ये बसून केलेल्या रेखाटनांवरून ही चित्रे तयार झाली. त्यांत कागदाचा बहुतेक भाग काळाच असतो आणि उजेड असतो तो साच्याच्या तोंडाशी, वितळलेले लोखंड ओतले जात असताना, बोटाच्या पेराएवढा. बाकी सगळे त्या काळ्यातल्या कमी-अधिक काळेपणावर चालते. अशा चित्राला काच लावणे भागच असते, कारण कोळसा त्याला कागदावर धरून ठेवणारा फवारा, म्हणजे फिक्सेटिव्ह, मारल्यानंतरही हाताला लागतो आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत उघड्या कागदाला बुरशी धरायला वेळ लागत नाही. काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावावा असे सुचवले जाते, पण पुसताना त्यावर स्थिर वीज साठते आणि ती कागदावरची कोळशाची भुकटी ओढून घेते. जलरंगाला तो पत्रा चालतो, कोळशाला चालत नाही.

आता साधी काच काय करते ते पाहा. ती आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 8 टक्के प्रकाश परतवते, पुढच्या पृष्ठावरून साधारण 4 आणि मागच्या पृष्ठावरून 4. पांढऱ्या कागदावरच्या जलरंगात हे जाणवत नाही, कारण कागद त्याच्या कितीतरी पट प्रकाश आपल्याकडे पाठवत असतो. कोळशाचा गडद भाग मात्र स्वतः जेमतेम तेवढाच प्रकाश परत पाठवतो. त्यामुळे काचेतले प्रतिबिंब आणि काचेमागचे चित्र यांचे बळ जवळजवळ सारखे होते आणि काळे चित्र सरळसरळ आरसा बनते. प्रतिबिंब फार कमी करणारी खास काच मिळते, परंतु संपूर्ण प्रदर्शनाला ती लावायची तर चौकटींचा खर्च चित्रांच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो.

भाड्याच्या दालनात छताला ट्यूबलाइटच्या दोन ओळी होत्या आणि समोरच्या भिंतीत खिडक्या. बहुउद्देशीय सभागृहात अशीच रचना असणार, कारण तिथे एका आठवड्यात चित्रे असतात, तर पुढच्या आठवड्यात साड्या किंवा पुस्तके. ज्या चित्रावर मी सर्वांत जास्त काळ काम केले होते, त्याच्या साच्याच्या तोंडावर नेमकी एक ट्यूब आडवी पडलेली दिसे. चौकटींच्या वरच्या कडेमागे बुचाचे तुकडे सरकवून मी चित्रे किंचित पुढे झुकवली. छतावरच्या ट्यूब गेल्या, पण त्यांच्या जागी समोरच्या खिडक्या आणि पाहणाऱ्याचा पांढरा सदरा काचेत उतरला. दिव्यांची एक ओळ बंद करता येईल का म्हणून विचारले, तर तिथल्या कर्मचाऱ्याने अत्यंत सौजन्याने सांगितले की बटण एकच आहे आणि विजेच्या जोडणीला हात लावायला परवानगी नाही. आठवडाभर मी लोकांना तळहाताने काचेवर सावली धरून, मान तिरकी करून, एक पाऊल डावीकडे आणि एक उजवीकडे सरकून चित्र शोधताना पाहिले. त्यांनी अभिप्रायवहीत चांगलेच लिहिले. परंतु त्यांना चित्र दिसले नव्हते, हे मला ठाऊक होते आणि त्या शंभर चांगल्या शब्दांचा आनंद मला घेता आला नाही.

छोट्या दालनात परिस्थिती उलट होती आणि ती आधी मला जाचकच वाटली. दालन चालवणाऱ्या बाईंनी मी नेलेल्या चित्रांपैकी निम्म्याहून अधिक परत पाठवली. वर्षभर त्या भागात दुसरीकडे प्रदर्शन करायचे नाही अशी अट होती. तारीख त्यांच्या सोयीने ठरली. मात्र चित्रे लावण्यासाठी कित्येक दिवस राखून ठेवले होते आणि त्या दिवसांत त्यांनी पहिले काम केले ते समोरच्या भिंतीचे. ती राखाडी रंगवून घेतली, तिच्यावर काहीही लावले नाही आणि तिच्यावर एकही दिवा ठेवला नाही. खिडकीला आतून काळे कापड लागले. छतावरच्या पट्टीवरचे स्पॉटदिवे उभ्या रेषेशी साधारण 30 अंशांच्या कोनात वळवले, म्हणजे काचेवरून उसळणारा उजेड पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे न येता जमिनीकडे जातो. कागदावरच्या कामासाठी संग्रहालये 50 लक्सच्या आसपासचा मंद प्रकाश पसंत करतात. इथेही उजेड कमीच होता, पण भोवताली त्याहून कमी असल्यामुळे डोळे दोन मिनिटांत सरावत आणि मग काळ्यातले थर एकामागून एक उलगडू लागत. चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटिमीटरवर धरला होता, जो मला आधी खालीच वाटला होता.

याची परीक्षा मोजमापाने मी केली नाही, पण एक प्रसंग माझ्यासाठी पुरेसा ठरला. एका रविवारी उद्यमनगरातले एक ओतकाम करणारे गृहस्थ मुलाला घेऊन आले. ट्यूब आडवी पडायची त्याच चित्रासमोर ते बराच वेळ उभे राहिले आणि मग खालच्या कोपऱ्याकडे बोट करून मुलाला म्हणाले, “ह्यो पाय मागं ठेवलाय बघ. वतताना पाय मागंच लागतो.” तो पाय मी काळ्यावर काळ्याने काढलेला आहे. भाड्याच्या दालनात आठवडाभरात त्याविषयी एकानेही काही विचारले नव्हते, चित्रकलेच्या शिक्षकांनीही नाही, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नव्हता. त्या जागी तो पाय दिसणे शक्यच नव्हते.

इथे केकू गांधींच्या चौकटींकडे परत येतो. चौकट, काच, दिवा आणि भिंतीपासूनचे अंतर हे चित्राच्या बाहेरचे व्यवहार आहेत असे आपल्याकडे बहुतेकदा धरले जाते. छोटी दालने चालवणारी माणसे त्यांना चित्र दाखवण्याच्या कामाचाच भाग समजतात. कमिशनच्या बदल्यात आपल्याला काय मिळते असे कोणी विचारले, तर मी ग्राहकांची यादी किंवा प्रसिद्धी यांच्याआधी हे सांगेन.

छोट्या दालनाच्या उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. तिथे गर्दी होत नाही. मधल्या वारी दिवसभरात दोन-तीनच माणसे आली असेही झाले आणि ज्यांना लोकांमध्ये बसून बोलायला आवडते त्यांना ते दिवस जड जातील. बंगल्याचे फाटक बंद दिसले की आत जावे की नाही, असा संकोच अनेकांना वाटतो. माझ्या एका काकांनी दोनदा गाडी वळवून नेली आणि शेवटी फोन केला. विक्रीचा हिशेब प्रदर्शन संपल्यावर होतो. अशी दालने एखाद्या व्यक्तीच्या उमेदीवर चालतात, ती व्यक्ती थकली की बंद पडतात आणि त्यांच्याशी जोडलेला चित्रकार पुन्हा मोकळा राहतो. म्हणून कमिशन किती, चौकटींचा खर्च कोणाचा, न विकलेली चित्रे कधी परत मिळणार आणि वाहतुकीत काच फुटली तर जबाबदारी कोणाची, एवढे तरी कागदावर घ्यावे. चांगल्या माणसांशी व्यवहार असला तरीही घ्यावे.

तुमचे काम जलरंगातील निसर्गचित्रांचे असेल, कागदाचा पांढरेपणा त्यात खेळत असेल, किंवा तुम्ही कॅनव्हासवर काच न लावता रंगवत असाल, तर माझी तक्रार तुमची असणार नाही. अशा चित्रकाराने मध्यवर्ती दालन भाड्याने घ्यावे आणि तिथली वर्दळ, विद्यार्थी आणि स्वतःची मोकळीक यांचा पूर्ण लाभ घ्यावा, असे मी मनापासून म्हणेन. पहिलेच प्रदर्शन असेल तर तीच वाट कदाचित अधिक बरी, कारण सगळ्या चित्रांना एकदा भिंतीवर पाहिल्याशिवाय त्यांतली कोणती टिकतात ते कळत नाही. काम गडद असेल, बारीक असेल, काचेखाली ठेवावे लागत असेल, किंवा कमी चित्रे आणि जास्त रिकामी भिंत मागत असेल, तर मात्र छोट्या दालनाचा नकार पचवण्याची तयारी ठेवून तिकडेच जावे, असे मला वाटते. माझे पुढचे काम मी तिथेच दाखवणार आहे.

कोणत्याही दालनाचे पैसे भरण्यापूर्वी आपले सर्वांत काळे चित्र काच लावलेल्या चौकटीसह बरोबर न्यावे. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, म्हणजे खिडकीतून उजेड येत असताना आणि आतले दिवेही लागलेले असताना, ते डोळ्यांच्या उंचीला धरायला कोणाला तरी सांगावे आणि आपण सहा फुटांवर उभे राहावे. शक्य असल्यास अंगात पांढरा सदरा असावा.