१२,९५० रुपयांचा क्लच, जो बदललाच नाही

बारा हजार नऊशे पन्नास. आकडा आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे लाजेपायी कमी सांगेन.

वयाच्या ४६व्या वर्षी गाडी शिकले. दिराची २०१५ची वॅगनआर आमच्याकडे आली होती आणि ह्यांना चालवायचा कंटाळा. लायसन्स मिळालं, पण भांडुप पश्चिमेला राहणाऱ्याला चढ काही चुकत नाही. टेंभीपाड्याच्या चढावर पुढे रिक्षा, मागे बस, आणि पाय ब्रेकवरून काढला की गाडी मागे जाणार ही धास्ती. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्याच मास्तरांना आपल्या गाडीवर दहा दिवस सरावाला लावलं. त्याचे ३,००० वेगळे.

चढावर मी गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, धरून ठेवायचे. हँडब्रेक ओढायचं लक्षातच यायचं नाही. तिसऱ्या दिवशी जळका वास आला. "मॅडम, क्लच जाळलात तुम्ही," मास्तर म्हणाले, आणि मग रोज म्हणत राहिले. गिअर करकरला की मान हलवायचे, च्यक् करायचे. आठव्या दिवसापर्यंत माझी खात्रीच पटली की दिराच्या चांगल्या गाडीची मी वाट लावली. ह्यांना कळायच्या आत दुरुस्त करून टाकू, असं मीच म्हणाले. मीच! गॅरेज अर्थातच मास्तरांच्या ओळखीचं.

सकाळी सव्वाअकराला गाडी दिली. दोन वाजता फोन, "मॅडम, गाडी रेडी है." क्लचचा पूर्ण सेट ७,४००, मजुरी ३,५००, गिअर ऑइल ८५० आणि फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर घासते ती इंजिनाची जड चकती, लेथ मशीनवर फिरवून आणल्याचे १,२००. पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वरून. मी म्हटलं, राहू दे. पाच हजार आणि ७,९५० असे दोनदा स्कॅन करून दिले. स्क्रीनवर कुणा बाईचं नाव आलं, गॅरेजचं नाही.

आता ज्याने रात्री झोप उडते ते सांगते. जुनी क्लच प्लेट दाखवा, असं मी म्हटलं होतं. इतकी अक्कल होती मला. पोऱ्याने गोणीतून एक काढून हातात दिली. काळी ठिक्कर, घासून रिव्हेट वर आलेले. आणि मधल्या भोकाच्या दातांवर लालसर गंज, बोटाला पूड लागली. ती मी पदराला पुसली! सकाळपर्यंत रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या त्या दातांवर इतका गंज? शंका तरी यायला हवी होती. पाहिलं मी, कळलं नाही. कारण मी शरमेने मान खाली घालून उभी होते. शिवाय गिअर लोण्यासारखा पडत होता. कोणीही फसलं असतं.

गणपतीला चिपळूणला गेलो तेव्हा दिराने गाडी ओळखीच्या मेकॅनिकच्या खड्ड्यावर घेतली. तो खालूनच हसला. म्हणाला, "वहिनी, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय क्लच प्लेट निघत नाही. ह्या बोल्टांवर दोन पावसाळ्यांचा चिखल आहे." मग त्याने क्लच केबलचा नट दाखवला. तेवढाच चकचकीत. केबल सैल होती म्हणून गिअर करकरायचे, नट आवळला आणि झालं. दीडशे रुपयांचं काम. आरतीच्या आधी घरभर बातमी.

प्लेट खरंच गेली असेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं आणि गाडी वेग घेत नाही. माझी ओढत होती. सपाट मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर प्लेट पकडतेय. पुन्हा पुन्हा करू नका, एकदा पुरे.

मुंबईला आल्यावर चौकीत गेले. पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे आहेत?" दुसरा, "पक्कं बिल?" मग हे सिव्हिल मॅटर आहे, असं ऐकवलं. ड्रायव्हिंग स्कूलला परवाना देणाऱ्या कार्यालयात एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीवर जेवणाची सुट्टी, आणि तीन वाजता कळलं की गॅरेज त्यांच्याकडे येतच नाही. मास्तर येतो की नाही, यावर कोणी बोलेना. ऑनलाइन तक्रारीला नंबर मिळाला, महिन्याने मेसेज आला की समोरून प्रतिसाद नसल्यामुळे तक्रार बंद करत आहोत. म्हणजे चोराने उत्तर दिलं नाही की तक्रार मिटली! ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून कागद जमवतेय. पण त्या कच्च्या चिठ्ठीवर गाडीचा नंबरसुद्धा नाही. रजा दोन गेल्या.

गिअरबॉक्स उतरवताना तिथे उभं राहा. खोटी घाई सांगतील, तरी उभं राहा. फ्लायव्हील लेथवर नेलं म्हणतात ना, मग कुठल्या लेथवर ते विचारा. शिकवणाऱ्याच्या ओळखीचं गॅरेज तर नकोच. सिग्नलला न्यूट्रल करा, चालवताना डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा.

मी आता चढावर हँडब्रेक ओढते, क्लचने पकडल्याचं जाणवलं की सोडते. वास पुन्हा आलेला नाही. आत अजून तोच, २०१५चा क्लच आहे.