बीड ते तुळजापूर सायकलवाटेवरचा कुंथलगिरी पेढा

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासात वाटेत काय खायचे, हा प्रश्न बहुतेक जण घरून निघतानाच पाकीटबंद एनर्जी जेल आणि पौष्टिक वड्या पिशवीत भरून सोडवतात. बीडहून तुळजापूरला जाणाऱ्या सायकलस्वाराला मात्र ऐन रस्त्यावर कुंथलगिरीचा पेढा मिळतो. मिठाई म्हणून त्याची कीर्ती जुनीच आहे. येथे त्याची पारख दिवसभर पायडल मारणाऱ्या माणसाचे अन्न म्हणून केली आहे.

राष्ट्रीय महामार्ग ५२ वरचा हा टप्पा सुमारे १३५ किलोमीटरचा असून हिवाळ्यात पहाटे निघाल्यास तो एका दिवसात निवांत होतो. बीड सोडल्यावर पालीजवळ बिंदुसरा तलाव लागतो आणि लगेच मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. दिवसातली सर्वांत जास्त ताकद या चढावरच खर्च होते. घाट संपल्यावर रस्ता बालाघाटच्या पठारावर येतो, पण पठार म्हणजे सपाटी असे समजून येणाऱ्याची येथे निराशा होते, कारण चौसाळ्यापासून पुढे येरमाळ्यापर्यंत लहान-लहान चढउतार संपतच नाहीत आणि सावली विरळ असते. पारगाव ओलांडून सरमकुंडी फाट्यावर पोचेपर्यंत सकाळचा नाष्टा जिरून गेलेला असतो. पेढ्याची दुकाने याच फाट्यावर आहेत. सायकलस्वाराला जिथे थांबावेसे वाटते तिथेच ती असावीत, हा योगायोग या वाटेचे मोठे भाग्य आहे.

कुंथलगिरी हे गाव भूम तालुक्यात, महामार्गापासून आत आहे. कुलभूषण आणि देशभूषण या मुनींचे निर्वाणस्थान म्हणून जैन समाजात ते सिद्धक्षेत्र मानले जाते, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली येथेच सल्लेखना, म्हणजे आमरण उपवासाचे जैन व्रत, घेतली. पेढ्याला गावाचे नाव मिळाले असले तरी त्यामागचा खव्याचा धंदा भूम, वाशी आणि आसपासच्या साऱ्या माळरानाचा आहे. पाऊस कमी, शेती कोरडवाहू, म्हणून घरोघरी दुभती जनावरे. आणि बाजारपेठ लांब असल्याने दूध नासण्याआधी ते आटवून ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. भट्टीवरच्या लोखंडी कढईत दूध सतत ढवळत आटवले जाते आणि म्हशीच्या साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा पडतो. ढवळणाऱ्याचा हात थांबला की दूध तळाला लागते आणि करपट वास साऱ्या खव्यात उतरतो, त्यामुळे चांगल्या खव्यात दुधाइतकीच माणसाची मेहनतही असते. कुंथलगिरीच्या खव्याला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ते सर्वथा योग्यच आहे.

ताजा पेढा हातात घेतला की बोटांना किंचित तूप लागते. तो दाणेदार असतो, तोंडात चिकटत नाही, आणि गोडीच्या आधी भाजलेल्या दुधाची चव कळते. सायकलस्वाराच्या दृष्टीने हा गुण सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण उन्हात तासन्‌तास गोड पाणी आणि गोड वड्या घेतल्यावर जिभेला गोडाचा वीट येतो आणि भूक असूनही घास उतरेनासा होतो. चव खव्याची असल्याने हा पेढा अशा वेळीही खाववतो. मला तरी या रस्त्यावर दुसरा कोणताही गोड पदार्थ इतक्या आनंदाने खाता येत नाही.

तरीही पेढा केव्हा खावा, याला मोठे महत्त्व आहे. शंभर ग्रॅम पेढ्यातून ढोबळमानाने चारशे उष्मांक मिळतात, पण त्यांतला मोठा वाटा स्निग्धांशाचा असतो. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात, तर सलग अनेक तास सायकल चालवणाऱ्याला दर तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लवकर अंगी लागावी लागतात. त्यामुळे चढ समोर असताना पेढा खाऊन लगेच निघू नये. पोट जड होते आणि चढावर मळमळते. फाट्यावर सायकल उभी करावी, आधी पाणी प्यावे, मग दोन-तीन पेढे सावकाश खावेत आणि वीसेक मिनिटे बसून निघावे. सोबत केळे मिळाले तर उत्तमच, कारण पेढ्यात जे कमी पडते ते केळे भरून काढते. घामावाटे गेलेले मीठ मात्र दोन्हींतून पुरेसे मिळत नाही; त्यासाठी बाटलीतल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू हवेच. चालत्या सायकलीवर खिशातून काढून खाण्यासाठी पेढा मुळीच सोयीचा नाही, तिथे खजूर किंवा गूळ-शेंगदाणेच बरे.

टिकण्याच्या बाबतीत ऋतू पाहावा. मार्गशीर्षापासून माघापर्यंत कागदाच्या खोक्यातला पेढा संध्याकाळपर्यंत चांगला राहतो. चैत्र-वैशाखात मात्र मागच्या पिशवीत, वरून ऊन आणि खालून तापलेले डांबर अशा स्थितीत, ओलसर खव्याला आंबूस वास यायला वेळ लागत नाही. त्या दिवसांत बांधून घ्यायचाच असेल तर जास्त भाजलेला, गडद रंगाचा पेढा मागावा, कारण त्यात ओल कमी असते.

फाट्यावरच्या सगळ्या दुकानांचा माल सारखा नसतो. त्यामुळे पेढा विकत घेण्याआधी थोडा नुसता खवा मागून तळहातावर चोळून पाहावा; चांगल्या खव्याला तूप सुटते आणि त्याचा वास हातावर राहतो. पिठाच्या भेसळीची शंका आली तर नमुना पाण्यात उकळून, गार झाल्यावर त्यात आयोडीनचा थेंब टाकावा. पिष्ट असेल तर रंग निळा होतो. प्रथमोपचाराच्या पेटीत टिंक्चर आयोडीन बाळगणाऱ्याला हे मुक्कामावरही करता येते. आज केलेला माल कोणता, हे दुकानदाराला सरळ विचारावे. माझा अनुभव असा की तसे विचारणाऱ्याला आतला ताजा ट्रे काढून दिला जातो.

फाट्यानंतर तेरखेडा, येरमाळा, येडशी आणि धाराशिव करत तुळजापूर गाठायचे असते, म्हणजे अर्ध्याहून अधिक वाट अजून बाकी असते. म्हणून तिथे भरपेट खाऊ नये, आणि पाव किलोपेक्षा जास्त पेढा सोबतही घेऊ नये. तो पाव किलो तुळजापूरच्या मुक्कामी रात्रीच्या जेवणानंतर खावा. घरच्यांसाठी न्यायचा पेढा परतीच्या वाटेवर घेतला तर ताजा पोचतो.