हिरवी टोपी की क्रीम टोपी? जुना गिटार-स्पीकर घेण्याआधी

बडोद्यात सेलेस्टियन या ब्रिटिश कंपनीचे जुने स्पीकर रोज विकायला येत नाहीत. येतात ते बहुधा मोडलेल्या ऑर्केस्ट्राच्या कॅबिनेटमधून. सध्या रावपुऱ्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दोन नग आहेत. दोन्ही जी१२एम मॉडेलचे, बारा इंची, लेबलवर २५ वॉट आणि १६ ओहम. एकाच्या मॅग्नेटवर नेहमीची हिरवी प्लास्टिकची टोपी, दुसऱ्याची क्रीम. क्रीमला तो दीडपट भाव सांगतो, 'एकदम रेअर पीस छे' म्हणून. दांडिया बाजारातला एक ओळखीचा गिटारवाला विचारत होता, कोणता घेऊ? दोन्ही बघून आलो. मी असतो तर हिरवा घेतला असता. का, ते सांगतो.

आधी रंगाचं. हिरव्या टोपीमुळेच या स्पीकरला 'ग्रीनबॅक' नाव पडलं, पण कारखान्यातून सगळे हिरवेच निघाले असं नाही. १९७०च्या दशकात क्रीम आणि काळ्या टोप्याही आल्या. त्याआधीच्या, वॉक्स एसी३० या ॲम्पमधल्या ॲल्निको (मिश्रधातूच्या मॅग्नेटच्या) स्पीकरचंही तसंच: प्रसिद्ध निळा, आणि पुढे चंदेरी. म्हणजे वेगळा रंग दिसला की लगेच 'नकली' म्हणायचं कारण नाही. पण टोपी निघते आणि दुसऱ्या स्पीकरवर बसते. लेबल टोपीवरच चिकटवलेलं असल्यामुळे टोपीबरोबर नाव-गावही बदलतं. फसगत होते ती इथे.

क्रीमवाल्याची टोपी रंगवलेली नाही, एवढं मी मान्य करतो. खरवडलेल्या कडेला आतही तोच रंग दिसतो, लेबलच्या काठावर रंगाचे शिंतोडे नाहीत. लेबलवर कंपनीच्या नंतरच्या कारखान्याचा, इंग्लंडमधल्या इप्सविचचा पत्ता आहे आणि फ्रेमवरच्या तारखेत वर्षाचं अक्षर 'के'. सेलेस्टियनची ही अक्षरं बारा वर्षांनी फिरून येतात ('आय' वगळून), तेव्हा 'के' म्हणजे १९६५ किंवा १९७७. १९६५ साली लेबलवर आधीच्या कारखान्याचा, थेम्स डिटनचा पत्ता असायचा, त्यामुळे हा १९७७चा. इथपर्यंत सगळं जुळतं.

मग मल्टिमीटर लावला. १६ ओहमचा स्पीकर डीसी रेझिस्टन्समध्ये साधारण बारा-तेरा ओहम दाखवतो. हा दाखवतो साडेसहा, म्हणजे आठ ओहमची कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं). फ्रेमच्या खिडक्यांतून कोनची, म्हणजे हलणाऱ्या कागदी पडद्याची, मागची बाजू बघितली तर मूळ कोनवर असतो तसा छापील आकडा नाही. कडेची गॅस्केट कोरी करकरीत, मधल्या गोल झाकणाभोवती (डस्ट कॅप) पांढरट गोंद ओघळलेला. कोन आणि कॉइल दोन्ही बदललेत. काम वाईट केलेलं नाही, वाजतोही बरा. पण मूळचं उरलंय ते फ्रेम, मॅग्नेट आणि टोपी, आणि दीडपट पैसे त्या टोपीचेच मागितले जातायत.

हिरवा दिसायला गबाळा आहे. फ्रेमवर गंज, स्क्रूच्या भोकांशी जास्तच. आपल्याकडे गंज दिसला की पहिला प्रश्न विश्वामित्रीचा: २०१९च्या किंवा २०२४च्या पुरात हा पाण्यात होता का? पाण्यात बुडालेल्या कोनवर चहाच्या डागासारखी रेघ राहते आणि कागद तिथे फुगून मऊ पडतो. या कोनवर तशी रेघ नाही. दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून अगदी हलकं, सरळ आत दाबलं, कान जवळ नेला. खरखर नाही. म्हणजे गंज कॉइलच्या फटीत शिरलेला नाही, वरवरचाच आहे.

त्याचं वर्षाचं अक्षर 'ई': १९६० किंवा १९७२. सिरॅमिक मॅग्नेटचे ग्रीनबॅक १९६०च्या दशकाच्या मध्यात आले, त्यामुळे १९७२च. कोनच्या पाठीवर शाईचा ०१४ हा छाप आहे, म्हणजे पल्सॉनिक या कंपनीचा कोन. पुढे १७७७ छापाचे कोन आले. ते काही वाईट नव्हेत, पण जुन्या आवाजाचे शौकीन ०१४ आणि ००३ या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजतात, आणि ते मला टोपीच्या रंगापेक्षा समजण्यासारखं वाटतं. मीटरवर १२.८. लेबल, अक्षर, कोन, कॉइल सगळे एकच गोष्ट सांगतात. विक्रेत्याला मात्र यातलं काही माहीत नाही. त्याला दिसतो तो गंज.

कोणी 'हा जी१२एम नाही, जी१२एच आहे' म्हणून भाव वाढवला तर सरळ काट्यावर ठेवा. एमचं मॅग्नेट ३५ औंसांचं, एचचं ५० औंसांचं. अख्खा स्पीकर अनुक्रमे साधारण ३.६ आणि ४.७ किलो भरतो. किराणावाल्याचा काटाही चालेल.

अमेरिकन माल समोर आला तर काम सोपं आहे. फ्रेमवर निर्मात्याचा आकडा असतो: जेन्सन २२०, ऑक्सफर्ड ४६५, एमिनन्स ६७. त्यापुढे वर्ष आणि आठवडा. वर्षाचा एकच अंक असेल तर दशक लेबलवरून ठरवायचं. वर फेंडर या ॲम्पवाल्या कंपनीचं लेबल असलं तरी बनवणारा कोण ते हाच आकडा सांगतो.

दोन्ही घेऊन जोडी लावायचा विचारही त्या गिटारवाल्याच्या मनात होता. तो सोडून द्यावा. एकाच कॅबिनेटमध्ये आठ आणि सोळा ओहम समांतर जोडले तर आठवाल्यावर दुप्पट पॉवर जाते आणि आधी तोच जळतो. क्रीमवाला हिरव्यापेक्षा कमी भावात मिळत असेल आणि ॲम्पचं आउटपुट आठ ओहमचं असेल तर वाजवायला खुशाल घ्या, संग्रहासाठी नको. हिरवा घेतलात तर तो २५ वॉटचा आहे हे लक्षात ठेवा, पन्नास वॉटच्या ॲम्पला एकटा जोडू नका.